पट्टूची एकादशी

अनिरुद्धरावांच्या घरातलं मांजर एकादशी करतं, ही बातमी तंजावूरच्या मेल वीधी या रस्त्यावर घरोघरी पोचायला तीनेक महिने लागले. ती पसरवण्यात खुद्द अनिरुद्धरावांचा काही हात नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात बाकी सगळा हात त्यांचाच होता.

मांजरीचं नाव पट्टू. तमिळमध्ये पट्टू म्हणजे रेशीम, आणि ही बया अंगाने खरोखरच तशी होती. करडी, मऊ, हात फिरवला की फिरवतच राहावंसं वाटणारी. तीन वर्षांपूर्वी ती मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर येऊन बसली. चंद्रमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, आपल्यासारख्या माध्व वैष्णवांच्या घरात मांजर नको, सोवळंओवळं कोण सांभाळणार. अनिरुद्धरावांनी मान डोलावली आणि बायकोची पाठ वळताच वाटीत दूध ओतलं. आठवड्याभरात पट्टूला स्वतःची पितळी वाटी मिळाली. महिन्याभरात तिला आरामखुर्ची मिळाली आणि अनिरुद्धराव स्टुलावर बसून पेपर वाचू लागले. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना ज्यांनी एकाही पोराला लाडाने हाक मारली नाही, ते गृहस्थ मांजरीशी बोबडं बोलायला लागले.

पट्टूला संध्याकाळी दहीभात लागे. फक्त एकादशीला घरात चूल पेटत नसे, म्हणून त्या दिवशी नुसतं दूध. पण एकादशीच्या संध्याकाळी ती दुधाला नाक लावी, तोंड फिरवी आणि खांबाशी डोळे मिटून बसे. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सकाळी थोडंसं खाई आणि ओकून टाकी. चंद्रमतीबाईंनी याचा अर्थ आपल्या परीने लावला. मुकं जनावर एकादशी करतंय आणि रिकाम्या पोटी घाईघाईने पारणं करतंय, माणसालासुद्धा बाधतं, मग त्याला का नाही? त्यांनी हे शेजारच्या विशालाक्षीला सांगितलं. विशालाक्षीला सांगितलं म्हणजे पुढचं काम आपोआप होतं. दर पंधरवड्याला दोनचार बायका पट्टूचं दर्शन घ्यायला येऊ लागल्या. एकीने तर तिला कुंकू लावायचा प्रयत्न केला आणि मनगटावर तीन ओरखडे घेऊन गेली.

आता अनिरुद्धरावांच्या एकादशीबद्दल सांगायला हवं. तिकडे महाराष्ट्रात एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि वर दाण्याची आमटी. माध्वांच्या घरात असली चैन नाही. अन्न नाही, आणि माणूस कडक असेल तर पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या पहाटे अगस्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची भाजी आणि आवळा घालून पारणं, तेव्हा तोंड उघडायचं. अनिरुद्धराव कडक होते. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापासून त्यांनी निर्जळ एकादशी धरली, आणि आता ते एकोणसत्तरचे होते. तंजावुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींच्या संघाचा सेक्रेटरी वादिराज हा त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने हिशेब मांडला की वर्षाच्या चोवीस, बेचाळीस वर्षं, म्हणजे येत्या एकादशीला सारांच्या, म्हणजे आपल्या सरांच्या, एक हजार आठ एकादशा पुऱ्या होतात. अधिक महिने धरले असते तर आकडा फुगला असता, पण वादिराजला एक हजार आठच हवे होते. द्वादशीला सकाळी दहा वाजता संघाच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. तमिळ लिपीत मराठी पत्रिका छापली. संघातल्या अर्ध्याअधिक लोकांना देवनागरी वाचता येत नाही. पत्रिकेत शेवटची ओळ अशी होती की सारांच्या पुण्याईने त्यांच्या घरचं मांजरही एकादशी करतं.

ती ओळ अनिरुद्धरावांनी दोनदा वाचली आणि पत्रिका पालथी ठेवली. कारण पट्टू एकादशीच्या संध्याकाळी दूध का पीत नाही, हे अख्ख्या जगात त्यांना एकट्याला ठाऊक होतं. तिचं पोट भरलेलं असे.

अकरा वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. शाळा होती तोवर एकादशी सोपी होती. पोरांवर ओरडण्यात दिवस जाई आणि भुकेला कोपऱ्यात उभं करता येई. रिटायर झाल्यावरच्या पहिल्याच एकादशीला दुपारी चार वाजता ते सहज कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे मुरलीची गाडी होती आणि मुरली कढईत मसाल वडै सोडत होता. डाळ, बडीशेप आणि भरपूर कांदा. ज्या घरात सणावाराचं सोडा, एरवीसुद्धा कांदा येत नव्हता त्या घरातल्या माणसाने एक वडा घेतला, भिंतीकडे तोंड करून खाल्ला आणि घरी येऊन आंघोळ केली. पुढच्या एकादशीला दोन घेतले. त्या वेळी आंघोळ केली नाही.

पुढे त्यात एक शिस्त आली, माणूस शेवटी मास्तर होता. चार वाजता वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, ओच्यात पुडी घेऊन ते गच्चीवर जात, पाण्याच्या टाकीमागे बसत आणि खाली सांगून ठेवत की विष्णुसहस्रनाम चाललंय, कोणी हाक मारू नये. आठ वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग पट्टू आली. पहिल्याच एकादशीला ती वासावर गच्चीत आली आणि पुडीसमोर बसून तिने असा गळा काढला की खालून चंद्रमतीबाईंनी विचारलं, काय झालं तिला. अनिरुद्धरावांनी घाईने वड्याचा एक तुकडा तिच्या तोंडात दिला. गळा थांबला. तेव्हापासून दर एकादशीला अर्धा वडा पट्टूचा झाला. सरकारी कचेरीत चालतं तेच हे, फक्त इथे देणाऱ्यालाच लाज वाटत होती.

एक हजार आठव्या एकादशीला मात्र घात झाला. अनिरुद्धराव टाकीमागे सत्काराच्या उत्तराचं भाषण पाठ करत होते. उपवासाने मनाला कसं वळण लागतं, जिभेवर ताबा कसा येतो, असे मोठे मुद्दे त्यात होते. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचून त्यांनी पुडीकडे पाहिलं तेव्हा पट्टूने दीड वडा संपवला होता आणि ती कागद चाटत होती.

पहाटे साडेपाचला पट्टूने पहिल्यांदा ओकलं. सहाला पुन्हा. साडेसहाला नुसता पांढरा फेस आला. मग ती खाटेखाली जाऊन बसली, ती कुणाच्या हाकेला बाहेर येईना. अनिरुद्धराव नवी वेष्टी नेसून फरशीवर पालथे पडले आणि हात लांबवून तिला चुचकारू लागले. तिने फक्त डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. त्या वेळी त्यांना सत्काराची आठवण राहिली नाही, पुडीची राहिली नाही, काहीच राहिलं नाही. ही मेली तर, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात वादिराज गाडी घेऊन आला. सारांना मिरवत न्यायचं म्हणून त्याने गाडीला झेंडूची माळ घातली होती. त्या माळेच्या गाडीतून मग मोठी वेताची टोपली, टोपलीत पट्टू, शेजारी अनिरुद्धराव आणि मागे चंद्रमतीबाई असे सगळे मेडिकल कॉलेज रोडवरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. रस्त्यात माळ पाहून दोघा जणांनी हात जोडले. वादिराजने आरशातून उलट हात जोडले.

डॉक्टर हरिप्रिया आपल्यातलीच. तिची आई पापनाशमची, बाप तंजावूरचा, आणि मराठी बोलायची ती इथल्या घरांतली, जुन्या वळणाची. तिने पट्टूला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं तशी पट्टू कण्हली. मग तिने ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हिरड्या फिकट होत्या. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आहे, ती म्हणाली, आणि हे आजचं नाही, बरेच दिवस होत असणार. असं कधीपासून होतंय, तिने विचारलं.

वादिराजने उत्तर दिलं. आपल्याला विचारलं नसताना उत्तर देणं हे सेक्रेटरीचं कामच आहे. हे साधं मांजर नव्हे, तो म्हणाला, हे एकादशी करतं, आणि द्वादशीला त्याला थोडा त्रास होतो. त्याने खिशातून पत्रिका काढून दाखवली.

हरिप्रियाने ती वाचली. तिचा चेहरा हलला नाही, पण पत्रिका घडी करून तिने ट्रेखाली सरकवली.

"मामी," ती चंद्रमतीबाईंकडे वळून म्हणाली, "मांजर उपास करत नाहीं. पोट दुखतें म्हणून तें खात नाहीं. दर पंधरा दिवसांनीं हें होतें, म्हणजे दर पंधरा दिवसांनीं हिच्या पोटांत कांहीं तरी जातें. काय जातें?"

चंद्रमतीबाईंनी शपथेवर सांगितलं की दूध आणि दहीभाताशिवाय काही जात नाही. काल तर एकादशी, घरात चूलसुद्धा पेटली नव्हती. वादिराजने साक्ष दिली की त्या घरात बेचाळीस वर्षांत एकादशीला अन्नाचा कण शिजलेला नाही. हे अगदी खरं होतं. मुरलीची गाडी घराबाहेर होती.

मग बाहेर कुठे उंदराचं औषध खाल्लं असेल, हरिप्रिया म्हणाली. किंवा पोटात काही अडकलं असेल, दोरा, रबर, काहीही. हिरड्या अशा असतील आणि कारण कळत नसेल तर थांबून चालणार नाही. ओरत्तनाडच्या पशुवैद्यकीय कॉलेजात न्यावं लागेल, तिथे बेशुद्ध करून आत नळी घालून पाहतील. अशा अवस्थेत बेशुद्ध करण्यात धोका आहे, ते आधी सांगून ठेवते. तिने फोन उचलला.

अनिरुद्धराव भिंतीला टेकून उभे होते. साडेआठ वाजले होते. दीड तासाने त्यांच्या खांद्यावर शाल पडायची होती. खोलीत तीन माणसं होती, त्यातलं एक त्यांची बायको आणि एक संघाचा सेक्रेटरी. टेबलावर पट्टू होती, आणि ती त्यांच्याकडेच पाहत होती असं त्यांना वाटलं. खरं तर ती कुणाकडेच पाहत नव्हती.

त्यांनी खाकरून विचारलं, समजा, एखाद्या दुसऱ्या घरातलं, दुसरं एक मांजर आहे. आणि समजा, त्याच्या पोटात कांदा गेला. तर?

हरिप्रियाने फोन खाली ठेवला. कांदा मांजराला विषासारखा, ती म्हणाली, पोट सुजतं आणि रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणून हिरड्या फिकट पडतात. पण तुमच्या घरात कांदा कुठून? वादिराज हसला आणि म्हणाला, सारांच्या घरात कांदा, काय बोलता.

"मसाल वडै," अनिरुद्धराव म्हणाले.

"कोणाची?"

"मुरलीची. अर्धी देत होतों मी, दर एकादशीस. काल तिनें दीड खाल्ली, माझें लक्ष नव्हतें."

"आणि बाकीची अर्धी कोणीं खाल्ली, मामा?" हरिप्रियाने हे केवळ मात्रा कळावी म्हणून विचारलं होतं.

"मी," अनिरुद्धराव म्हणाले. "आणि एरवींच्या दीडदीड देखील मीच. अकरा वर्षें."

हरिप्रिया कामाला लागली. आता तिला काय शोधायचं ते कळलं होतं. तिने पायाचे केस कापून सुई लावली, सलाईन सुरू केलं, ओकाऱ्या थांबवायचं इंजेक्शन दिलं, रक्त काढून तपासायला दिलं. नळीची आणि बेशुद्धीची आता गरज नाही, ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत. अनिरुद्धराव पट्टूच्या डोक्यावर दोन बोटं ठेवून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पट्टूसाठी किती आणि स्वतःसाठी किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

वादिराजचं तोंड आधी पांढरं पडलं आणि मग तो भराभर बोलायला लागला. हॉलमध्ये फ्लेक्स लागलाय. दोनशे पानं मांडलीत. कुंभकोणमहून लोक निघालेत. ही गोष्ट आपल्या चौघांत आहे आणि चौघांतच राहील, डॉक्टर तर पेशंटचं बाहेर सांगतच नाहीत. मांजराची ओळ तेवढी वगळू, बाकी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. खोटं कशाला बोलायचं, अनिरुद्धरावांची मान हलायलाही लागली होती. एवढी वर्षं झाकलेलं आणखी एक सकाळ झाकलं तर कुणाचं काय जातं, असं त्यांच्या मनात आलंच.

चंद्रमतीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पिशवी उघडली, पोथीखालून एक बाटली काढली आणि टेबलावर पट्टूच्या शेजारी ठेवली. त्यात गुलाबी औषध होतं, निम्मं संपलेलं.

"हें माझें," त्या म्हणाल्या. "दोन वर्षें तांदुळाच्या डब्यामागें ठेवत होतें. डाक्टरानें मज सांगितलें, पोट सुजलें आहे, रिकामें ठेवूं नका, एकादशी सोडा. मी म्हटलें, हे ह्या वयांत पाणी देखील घेत नाहींत, मी कशी खाऊं? तुम्ही गच्चीवर जात होतां, मी खालीं पोट धरून निजत होतें." त्यांनी पट्टूकडे पाहिलं. "दोघींचें पोट तुम्हींच बिघडवलेंत."

त्या ओरडल्या असत्या तर अनिरुद्धरावांना सोसलं असतं. एकतीस वर्षं त्यांनी स्वतः ओरडण्याचंच काम केलं होतं, ओरडण्याला काय उत्तर द्यायचं ते त्यांना माहीत होतं. पण त्या शांतपणे बाटलीचं झाकण उघडून दोन चमचे औषध घेत होत्या, आणि हरिप्रिया त्यांना पाण्याचा ग्लास देत होती. अनिरुद्धराव बाकावर बसले. त्यांना बायकोची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दहा वाजता संघाच्या हॉलमध्ये सत्कार झाला. पट्टू सलाईनवर होती, तिला हरिप्रियाकडे ठेवून सगळे गेले. वादिराजने प्रास्ताविक इतकं लांबवलं की लोकांना वाटलं, सार यायचे आहेत की काय. सार तर समोरच बसले होते. मग ते उठले. पाठ केलेलं भाषण त्यांनी काही म्हटलं नाही. सातशे चव्वेचाळीस एकादशा माझ्या, ते म्हणाले, पुढच्या दोनशे चौसष्ट मी मुरलीच्या गाडीवर जेवलो. त्या दोनशे चौसष्ट, बायकोकडे हात करून ते म्हणाले, हिच्या आहेत, आणि हिच्या त्याआधीच्याही आहेत, शाल हिला द्या. मागच्या रांगेत मुरली बसला होता, कारण जेवणाचं कंत्राट त्याचंच होतं. त्याने मान खाली घातली.

शाल चंद्रमतीबाईंच्या अंगावर पडली. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या एकादशीपासून मज सकाळीं काफी पाहिजे." इतकंच बोलून त्या खाली उतरल्या. आधी विशालाक्षीने टाळी वाजवली, मग बायकांच्या सगळ्या रांगांनी. त्या दिवशी संघातल्या किती बायका पिशवीत गुलाबी बाटली घेऊन आल्या होत्या, ते कुणी मोजलं नाही.

पट्टू तिसऱ्या दिवशी घरी आली. रक्त फार बिघडलेलं नव्हतं, महिन्याभरात भरून येईल असं हरिप्रिया म्हणाली. थोडंथोडं, चार वेळा, हलकं खायला द्यायचं, आणि मांजराला उपाशी ठेवायचं नाही, लिव्हर बिघडतं. उकडलेलं कोंबडीचं मांस सगळ्यात चांगलं, असंही तिने सांगितलं. चंद्रमतीबाईंनी कानावर हात ठेवले. शेवटी दवाखान्यातून एक पाकीट आलं, मांजराच्या खाण्याच्या कोरड्या गोळ्यांचं. त्यात काय आहे ते बारीक अक्षरांत मागे छापलेलं होतं. चंद्रमतीबाईंनी त्यावर कागद चिकटवून टाकला आणि मग पाकीट स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर ठेवायला परवानगी दिली.

पुढची एकादशी आली. अनिरुद्धरावांनी सकाळी सहाला उठून दूध तापवलं, डिकॉक्शन गाळलं आणि बायकोला काफी नेऊन दिली. साखर कमी पडली होती, तरी त्यांनी ती पिऊन टाकली. दहाला त्यांनी तिला उपमा करून दिला, तो खाली लागला होता. तोही चंद्रमतीबाईंनी खाल्ला. स्वतः अनिरुद्धरावांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. कुणी घ्यायला सांगितलंही नाही.

अकरापर्यंत ठीक होतं. बाराला पोटात आग पडायला लागली. त्यांना वाटलं, तीन वाजले असतील, तेव्हा साडेबारा झाले होते. पेपर तीनदा वाचून झाला. चार वाजता पाय आपोआप गच्चीकडे वळले आणि ते टाकीमागे जाऊन बसले. जरा वेळाने पट्टू आली. तिने वेष्टीच्या ओच्यात नाक घातलं, इकडेतिकडे हुंगलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग ती उठून जिना उतरली. खाली चंद्रमतीबाई तिला गोळ्या घालत होत्या, वाटीत त्या पडल्याचा आवाज वर आला.

अनिरुद्धरावांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. पारण्याला अजून चौदा तास होते, आणि पोटात नुसती आग होती, सूज नव्हती. मग ते खाली गेले, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि बायकोला विचारलं की अगस्तीचा पाला कसा निवडतात, उद्याची भाजी मी करतो.

चंद्रमतीबाईंनी पाला ठेवलेलं सूप पुढे सरकवलं.